पंचवीसच्या जागी बारा

माझे चुलते पाटबंधारे खात्यात पाटकरी होते. कालव्याचं पाणी कुणाच्या वावरात कधी सोडायचं आणि किती वेळ, हे बघणारा माणूस म्हणजे पाटकरी. निमगाव साव्याच्या अंगाचा कालवा त्यांच्याकडे होता आणि नोकरीची सगळी वर्षं त्यांनी तो पायी तुडवला. सगळे त्यांना तात्या म्हणत. तात्या बोलायला कमी, त्यामुळे त्यांचा आवाज फार लोकांना ठाऊक नव्हता. चाल मात्र सगळ्यांना ठाऊक होती. खांद्यावर खोरं, डावा पाय जरा बाहेरच्या अंगाला टाकायचा, तो पुरता टेकल्याशिवाय उजवा उचलायचा नाही, आणि मान जागच्या जागी. डोक्यावर भरलेला तांब्या ठेवला असता तरी थेंब सांडला नसता. लांबून भरावावर ती चाल दिसली की चोरून टाकलेले पाइप भराभर पाण्याबाहेर यायचे.

नव्वदच्या दशकात टीव्हीसाठी सिनेमा करणारी एक मंडळी आमच्या कालव्यावर शूटिंगला आली. त्यांच्या दिग्दर्शकाने तात्यांना भरावावरून येताना पाहिलं आणि म्हणाला, तुम्ही फक्त या टोकापासून त्या टोकापर्यंत चाला. तात्या म्हणाले, "चालायचंच तर काम हाय माजं." तीनदा चालायला लावलं. तिन्ही वेळा ते सारखेच चालले, याचंच त्या लोकांना कौतुक वाटलं.

सिनेमा एका रविवारी दुपारी चारला टीव्हीवर लागणार होता. आमच्या वस्तीत व्हीसीआर फक्त माझ्याकडे, तोही मंचरच्या एका माणसाकडून घेतलेला जुना. मी विशी ओलांडलेला, बिनकामाचा, आणि त्या यंत्रामुळे अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालेला. टीव्हीवरचा जो येईल तो सिनेमा मी भरून ठेवायचो. एरवी मी पट्टी सावकाश फिरवायचो, म्हणजे तीन तासांच्या कॅसेटवर सहा तास बसतात. चित्र भुरकट येतं, नायिकेच्या साडीचा रंग शेजारच्या भिंतीवर उतरतो, पण आपल्याला काय, दोन सिनेमे एका कॅसेटीत. तात्यांच्या वेळी मात्र मी कोरी कॅसेट आणली आणि पट्टी पुऱ्या वेगाने फिरवली. वीज जाऊ नये म्हणून अख्ख्या वस्तीने जीव मुठीत धरला होता. गेली नाही.

पडद्यावर नायक-नायिका भरावावर भांडत होते आणि त्यांच्या मागून तात्या या कडेपासून त्या कडेपर्यंत गेले. चौदा सेकंदं. नायक-नायिका कशावरून भांडले ते आमच्या घरात जमलेल्यांपैकी एकालाही आजतागायत माहीत नाही. काकीने, म्हणजे तात्यांच्या बायकोने, तोंडाला पदर लावला आणि म्हणाली, "आगं बया, ह्ये तर खरंच चालत्यात." तात्या खाली मान घालून हसले. सिनेमा संपल्यावर मी कॅसेटच्या मागच्या कडेची प्लास्टिकची टिकली स्क्रू-ड्रायव्हरने तोडली आणि ऐटीत सांगितलं, "आता हिच्यावर कुणालाच दुसरं काही भरता यायचं नाही." तात्यांनी कॅसेट दोन्ही हातांत घेतली.

निवृत्तीनंतर दोन वर्षांतच ते गेले. मागे राहिला तो ओळखपत्रावरून मोठा करून घेतलेला एक फोटो. त्यांच्या मुलीचं लग्न आमच्याकडे व्हिडिओ शूटिंगचं फॅड येण्याआधी झालेलं. तो सिनेमा पुन्हा कधी लागला नाही, त्यामुळे हलणारे तात्या आमच्यापुरते फक्त त्या कॅसेटमध्ये होते.

दोन हजार सालानंतर मी जुन्नरला, लेण्याद्रीकडे जाणाऱ्या रस्त्याला, एक गाळा घेतला. लग्नाचं शूटिंग करायचं आणि जुन्या कॅसेटींच्या सीड्या करून द्यायच्या. व्हीसीआर बिघडला की त्याचे पार्ट मिळेनासे झाले होते, त्यामुळे लोक आपली बारशी, जावळं, साखरपुडे पिशव्यांत भरून आणायचे. एकदा ऐन लग्नसराईत काकी आली. कापडी पिशवीतून तिने ती कॅसेट काढली, तिच्याबरोबर वाळका पालाही टेबलावर सांडला.

"कोठीत व्हती," ती म्हणाली. "बाजरीच्या कोठीत. लिंबाचा पाला घालून ठेवली व्हती, किडा लागू नाय म्हून. हिची शीडी करून दे. लेक प्लेअर आनतीया."

दुकानात गिऱ्हाइकं होती. त्यांना ऐकू जाईल असा मी हसलो आणि म्हणालो, "काकी, कॅसेटला काय सोंडे लागतात का?" गिऱ्हाइकंही हसली. काकी पण हसली.

एक गोष्ट इथेच लिहून टाकतो, नाहीतर पुन्हा हात मागे घेईन. कॅसेट उत्तम होती. पत्र्याची कोठी, घट्ट झाकण, आत अंधार आणि कोरडं धान्य. माझ्या दुकानाच्या फळीवरच्या कॅसेटींना पावसाळ्यात पांढरी बुरशी धरायची, तिच्या कॅसेटच्या पट्टीवर साधा डाग नव्हता. लावून बघितली तर चित्र जसं भरलं तसंच.

आता बिघडलं कुठे ते सांगतो. टीव्हीवरचं चित्र हलतं असं आपल्याला वाटतं, पण ती एकामागून एक येणारी स्थिर चित्रं असतात. आपल्याकडे सेकंदाला पंचवीस. कॅसेटवरचा सिनेमा संगणकात घेताना समोर एक चौकट यायची, त्यात पंचवीसचा आकडा असायचा. तो कमी केला की संगणक कुरकुरत नाही, फाईल लहान होते आणि काम लवकर उरकतं. त्या दिवसांत बाजारात एका सीडीत चार-चार पिक्चर मिळत होते, आणि मीही दुकानावर पाटी लावली होती: कॅसेट कितीही मोठी, सीडी एकच. भांडणाऱ्या नायक-नायिकेला, बारशाच्या पाळण्याला, हार घालणाऱ्या नवरदेवाला कमी चित्रं मिळाली तरी कुणी तक्रार करत नव्हतं. मी पंचवीस खोडलं आणि बारा घातलं. मग सुरुवातीची नावं बघितली, शेवट बघितला. मधला कालवा बघितला नाही.

दुसऱ्या दिवशी डिंगोऱ्याला लग्न होतं. निघताना कळलं, कोऱ्या कॅसेटी संपल्यात. तात्यांची कॅसेट समोरच होती, तिची सीडी झालेली, काकीने ती परत मागितलेली नव्हती. कॅमेऱ्यात घातली तर कॅमेरा ती भरायला तयार होईना, कारण मागची टिकली मीच तोडलेली. मी त्या खाचेवर चिकटपट्टी लावली. डिंगोऱ्यात त्या कॅसेटवर नवरीची हळद भरली, वरात भरली, आणि कालव्याच्या जागी कुणातरी मामाची पंगत भरली. तेव्हा मला काही वाटलं नाही. आज सगळ्यात जास्त लाज वाटते ती याचीच, की काहीच वाटलं नाही.

वैशाख पौर्णिमेला काकीची मुलगी घोडेगावहून नवा प्लेअर घेऊन आली. बरोबर तिची पाच वर्षांची लेक. विहारातली वंदना आटोपून दुपारी सगळे काकीच्या घरी बसलो. सीडी मीच लावली, मोठ्या तोऱ्यात. कालव्याचं दृश्य जवळ आलं तशी काकी पुढे सरकली, टीव्हीपासून हातभर.

तात्या आले. म्हणजे एका जागी दिसले, मग तिथून नाहीसे होऊन पुढच्या जागी दिसले. पाय उचललेला दिसला, मग टेकलेला दिसला, मधलं काही नाही. कडांना कंगव्याच्या दातांसारख्या रेघा. ती स्थिर मानसुद्धा झटके खात होती. नायक-नायिका उभे राहून भांडत होते म्हणून ते ठीक दिसत होते. चालत एकटे तात्याच होते.

नात हसायला लागली. "आजोबा उड्या मारत्यात."

तिच्या आईने तिला गप्प केलं. काकीने ते दृश्य परत लावायला सांगितलं. मी लावलं. तिसऱ्यांदा लावलं. मग ती माझ्याकडे वळली.

"मानूस त्योच हाय," ती म्हणाली. "चाल त्यांची न्हाई. असं कसं झालं रं?"

मला तेव्हाच कळलं होतं. चौकटीतला आकडा डोळ्यांपुढे उभा राहिला, चिकटपट्टीही. माझ्या तोंडून निघालं, "कॅसेट जुनी होती, काकी. पट्टी कधीकधी खराब होते."

तिने विचारलं, "कोठीत ठेवली म्हून?"

यावर नाही म्हणायला काही लागत नव्हतं. दोन अक्षरं. मी म्हणालो, "हो." आणि एकदा हो म्हटल्यावर जीभ सैल सुटली. धान्यात ओल असते, पट्टीवर लोहाचा थर असतो, तो ओलीने सुटतो, मग चित्रं गळतात, असं मी अगदी शिकल्यासवरल्यासारखं सांगितलं. पाल्याच्या कडवट वाफेलाही दोष दिला. माझंच ऐकून मला ते खरं वाटायला लागलं. काकी ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "माज्याच हातनं नासली म्हनायची." मुलगी म्हणाली, "जाऊ दे आई, तुला काय म्हाईत." मी पण म्हणालो, जाऊ दे.

त्यानंतर काकीने त्या कोठीत बाजरी ठेवणं बंद केलं. कोठी परसात नेऊन ठेवली, तिच्यात शेणकुटं भरली. दर पौर्णिमेला मेणबत्ती लावून झाली की ती तात्यांच्या फोटोपुढे थांबायची आणि पुटपुटायची, "माजी चूक झाली वो." हे मला तिच्या मुलीने सांगितलं, सहज. मी त्या घरी जाणं कमी केलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण माझ्या मनात चांदणंही नव्हतं, एक प्रकारची चीड होती, आणि तीसुद्धा काकीवर. एवढं काय धरून बसायचं, असं वाटायचं.

अशी चार-पाच वर्षं गेली. मग एक दिवस निमगाव साव्याची एक अनोळखी बाई दुकानात आली, हातात लग्नाची कॅसेट. म्हणाली, "पाटकरीणबाईनं धाडलंय. त्या समद्या बायांना सांगत्यात, कॅसेट धान्यात ठिवू नका, लवकर ह्या दुकानात न्या. त्यांनी सोताच्या हातानं नवऱ्याचा पिक्चर घालवला म्हनं." आणि वर म्हणाली, "तुमचं लई नाव घेत्यात."

मी त्या बाईची कॅसेट पंचवीसनेच भरली, दोन सीड्यांत. एकदा बघितली, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मग शटर ओढून निमगाव साव्याला गेलो.

काकी ओट्यावर शेंगा फोडत होती, शेजारची बाई बरोबर होती. मी बसलो आणि सांगून टाकलं. पाणीसुद्धा घेतलं नाही, कारण पाणी पिऊन बोललो असतो तर निम्मं गाळलं असतं. कॅसेट चांगली होती म्हणालो. कोठीत काही बिघडलं नव्हतं. मी आकडा कमी केला, पंचवीसचे बारा केले, त्याने चाल तुटली. आणि कॅसेट मी डिंगोऱ्याच्या लग्नात वापरली. तुला खोटं सांगितलं.

काकीचे हात थांबले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"ते बारा नि पंचवीस मला नगं सांगू," ती म्हणाली. "तूच मला समजावलं व्हतंस की, लोखंड सुटतं म्हून. आन् नासकी पट्टी व्हती, तिच्यावर तू दुसरं भरलंस त्यात काय बिघाडलं?"

"नासकी नव्हती, काकी. मी खोटं बोललो होतो."

ती शेजारणीकडे वळली. "बघ बाई. माज्या जिवाला लागलंय म्हून माजी चूक सोताच्या अंगावर घ्यायला आलाय. धंदा बंद करून."

"असा पुतन्या नशिबानं मिळतो," शेजारीण म्हणाली.

मी पुन्हा सांगितलं. जितकं सांगावं तितकी ती मला चांगला ठरवत होती. खोटं बोलताना मी इतकं मन लावलं होतं की आता खऱ्याला जागाच उरली नव्हती. शेवटी तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"ते ऱ्हाऊ दे. मला एक सांग, तुला आठवतं का रं, ते चालायचे कसे? मी शीडी लावून लावून बघितली. आता डोळं मिटलं तरी ह्ये उड्या मारनारंच दिसत्यात. पयलं दिसतच न्हाई."

मी उठलो. परसातल्या भिंतीला टेकवलेलं खोरं खांद्यावर घेतलं आणि अंगणात चाललो. डावा पाय बाहेर टाकला, तो टेकू दिला, मग उजवा उचलला. सगळं मला पाठ होतं, पण ते तोंडपाठ होतं. पायांतून काही येईना. मान हलत होती. परत फिरून आलो, पुन्हा गेलो. शेजारीण तोंड फिरवून हसली असावी.

काकीने नीट बघितलं, दोन्ही वेळा. मग मान हलवली आणि पुढ्यातल्या शेंगा जवळ ओढल्या.

"न्हाई, असं न्हवतं," ती म्हणाली. "बस, च्या ठेवते. तुजा तरी काय दोष त्यात."