निराधारांच्या टेबलावर

कचेरीतल्या बाकीच्या टेबलांवर फायली साचतात. निराधार अनुदानाच्या टेबलावर किस्से साचतात! सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीची गोष्ट. मी जळगाव शहरातला पोरगा, आणि पहिलंच पोस्टिंग सातपुड्याच्या पायथ्याशी. काम एवढंच, की माणूस अपंग किंवा बेकार आहे आणि घरात कमावतं कुणी नाही, हे तपासायचं. शेजारी हेडक्लार्क भामरे भाऊसाहेब. त्यांचा कशावरच विश्वास नाही.

एकदा एक आंधळे नाना आले. एकटे, सरळ टेबलापर्यंत. भाऊसाहेब माझ्या कानात म्हणाले, बोगस केस. मग नानांना विचारलं, दिसत नाही तर इथवर आलात कसे?

"या बाईनी आनं ना हात धरीसन," नाना म्हणाले. "तुमना मांगे उभी शे."

भाऊसाहेबांनी मागे वळून पाहिलंच नाही. सही करून टाकली.

जिनिंगमध्ये बोटं गेलेला एक जण होता. डॉक्टरच्या सर्टिफिकेटवर अपंगत्वाचे टक्के कमी भरले, नियमात बसेना. तो भांडला नाही. हात टेबलावर ठेवून म्हणाला, "गेलेली बोटं अजून कापूस चाचपतात, साहेब. ती धरता येतील का?" भाऊसाहेब नाही म्हणणार, तेवढ्यात त्यांनी स्वतःचं मनगट झटकन सोडवून घेतलं. धरलं तर कुणीच नव्हतं!

मग हयातीची तपासणी. वर्षातून एकदा माणसानं समोर येऊन उभं राहायचं. एका म्हातारीचं नाव पुकारलं, मागून "हाजर" आलं. पुढे कुणी येईना. परत पुकारलं, परत "हाजर". तिच्या गावचे लोकही मागे बघायला लागले. त्यातला एक म्हणाला, ती तर पोळ्यालाच वारली. तो रकाना मी कोरा ठेवला.

पण सगळ्यात भारी किस्सा अक्काचा. अक्का विधवा, एका पायानं अधू. अर्ज नामंजूर झाला, कारण तलाठी आप्पांनी घर पाहून अहवालात लिहिलं होतं, 'कर्ता मुलगा घरी हजर.' अक्कानं मुलाच्या मृत्यूचा दाखला आणून ठेवला. दोन वर्षांपूर्वी अनेर नदीच्या पुरात गेला होता.

आप्पांना बोलावलं. ते म्हणाले, अक्का घरी नव्हती, एक तरुण बाहेर आला, त्यानं नाव सांगितलं, पाणी दिलं. नाव दाखल्यावरचंच.

अक्का आप्पांकडे बघत राहिली. "त्याना आंगमा काय व्हतं?"

"निळा सदरा," आप्पा हळूच म्हणाले. "ओला होता. मला वाटलं, आंघोळ करून आलाय."

मग भाऊसाहेबांनीच पेन उघडलं. म्हणाले, अक्का, ही ओळ खोडतो, पुढच्या महिन्यापासून अनुदान सुरू.

अक्कानं त्या ओळीवर हात ठेवला.

"खोडू नका भाऊ. तठे तो घरमा शे ना? ऱ्हाऊ द्या."

दाखला तेवढा तिनं परत मागून घेतला, आणि लंगडत बसस्टँडकडे निघून गेली.