बेहलूल आगांचा पहिला कप

माझ्या सासऱ्यांनी मला पहिल्याच भेटीत नापास केलं होतं, आणि तेही एका फुंकरीवरून.

मुलगी बघायला गेलो होतो. आमच्याकडे मुलगी कॉफी घेऊन बाहेर येते आणि सगळे जण मुलीपेक्षा कॉफीकडेच जास्त बघतात. नाझिफेने कप माझ्या हातात दिला. कॉफी कढत, त्यात मी घाबरलेला. मी आपली हळूच फुंकर घातली. वरचा फेस सगळा एका कडेला पळाला. समोर बसलेल्या बेहलूल आगांचा चेहरा असा झाला, की जणू मी भर बाजारात त्यांची लाल टोपीच उडवली.

"हा फुंकतो," ते माझ्यासमोरच बायकोला म्हणाले.

"फुंकतो तर फुंकतो, पितोय ना?" सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही जावई मुलीला शोधताय की कॉफीला?"

त्या घरात शेवटचा शब्द सासूबाईंचा असायचा, म्हणून माझं लग्न झालं. पण त्या दिवसापासून आगांच्या हातचा शेवटचा कप, फेस संपल्यानंतरचा, तो माझा. "घरचा माणूस आहे," असं ते म्हणत. खरं कारण आम्हा दोघांना ठाऊक होतं.

बेहलूल आगा तुर्की सुलतानांच्या राज्यातल्या आमच्या सुलुदेरे गावच्या सरकारी कचेरीत कॉफीवाले होते आणि मी त्याच कचेरीच्या दारावरचा शिपाई. खाली जिन्यामागे त्यांची चुलीची खोली. खोली कसली, खबदाडच ते! एका भिंतीला चूल, दुसऱ्या भिंतीला कोळशाची पोती, मध्ये दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने श्वास घ्यायचा नाही. त्या चुलीतला विस्तव आगांच्या आजोबांनी पेटवलेला. रोज संध्याकाळी निखारे राखेखाली झाकायचे, सकाळी उकरायचे. चूल कधी विझली नाही. पाशा, म्हणजे सुलतानांचे अंमलदार, आले नि गेले, एकदा कचेरीचं छप्पर वादळात उडालं, तेव्हा आगा भर पावसात चुलीवर आपला कोट धरून उभे होते. सासूबाई ते सांगताना नेहमी म्हणायच्या, "माझ्या बाळंतपणात यांना माझं नाव आठवत नव्हतं, पण विस्तव आठवत होता."

आता फेसाचं सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमची कॉफी लांब दांड्याच्या तांब्याच्या भांड्यात निखाऱ्यावर चढते. वर येते ती फेस घेऊन. हा फेस म्हणजे मान. पहिल्या कपात भरपूर, दुसऱ्यात जरा कमी, आणि शेवटच्या कपात नुसतं काळं पाणी. त्यामुळे कॉफी कोणापासून सुरू करायची, हे आमच्या कचेरीत कायद्यापेक्षा पक्कं होतं. आधी पाशा, मग मुफ्ती, मग आमच्यातले जमीनदार, मग बल्गार व्यापारी, मग आर्मेनियन सराफ, आणि दाराजवळ उभा असेल तो यहुदी कापडवाला सगळ्यात शेवटी. कोणी तक्रार करत नसे. म्हणजे तोंडाने करत नसे. कापडवाले शाबेताय एकदा मला म्हणाले होते, "शिपाईबुवा, या कचेरीत तीस वर्षं कॉफी पितोय, पण फेस अजून बायकोच्या हातचाच बघितलाय."

मग राजधानीहून लेबिब पाशा आले. नाकावर चष्मा, बरोबर एक लांबलचक गोल टोकांचं टेबल आणि सारख्या उंचीच्या खुर्च्या. माणूस चांगला होता, हे मी आधीच सांगून ठेवतो. सुलतानांचा हुकूम मनापासून खरा मानणारा मी पाहिलेला तो पहिलाच साहेब. हुकूम असा होता, की सगळी प्रजा सारखी, आणि प्रत्येक गावात सगळ्या धर्मांच्या लोकांचं एक मंडळ बसवून गावाची कामं त्यांनी मिळून ठरवायची. पहिलं काम होतं पुलाचं. गावाबाहेरच्या ओढ्याला पूर आला की आम्ही डॅन्यूब नदीच्या धक्क्यापासून तुटायचो.

पाशांनी आगांना वर बोलावलं. "बेहलूल आगा, या टेबलाशी कोणी पहिला नाही आणि कोणी शेवटचा नाही. समजलं?"

"समजलं, हुजूर." आगांनी हात छातीवर ठेवले. "मग कॉफी कोणापासून?"

पाशांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "ते तुम्ही बघा."

आगांनी बघितलं. पहिल्या बैठकीला सवयीने पाशा, मुफ्ती असं सुरू केलं, तर पाशांच्या भुवया चढल्या. दुसऱ्या बैठकीला दाराच्या बाजूने सुरू केलं. फेसाने भरलेला कप शाबेतायांच्या पुढे आला, तसे ते इतके दचकले, की त्यांनी तो तसाच मुफ्तींच्या पुढे सरकवला. मुफ्ती रईफ एफेंदींनी तो धान्याचे बल्गार व्यापारी पेंचोशेठ यांच्यापुढे सरकवला, आणि पेंचोशेठनी पाशांपुढे. कप सगळं टेबल फिरून थंड झाला आणि शेवटी पाशांनी तो खिडकीत ठेवून दिला.

घरी येऊन आगा जेवले नाहीत. सासूबाई म्हणाल्या, "एवढं काय त्यात? प्रत्येकाला वेगळं भांडं चढवा. सगळ्यांनाच पहिला कप."

आगांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की मला वाटलं आता उठून हात चुंबतात की काय. तांबटाकडून छोटी छोटी भांडी करून आणली. पुढच्या बैठकीला सगळी एकदम निखाऱ्यावर चढवली आणि सगळे कप फेसासकट एकाच मोठ्या तबकात मांडून टेबलाच्या मधोमध ठेवले. मागे सरून म्हणाले, "घ्या मंडळी. सगळे सारखे आहेत."

आणि तिथेच घात झाला. कारण वाढणाऱ्याने आधी दिलं तर तो मान, पण स्वतः हात पुढे करून आधी उचललं तर तो हावरटपणा! आमच्याकडे आईच्या दुधाबरोबर हे शिकवतात, मग मूल मशिदीत जाणारं असो की चर्चमध्ये.

"घ्या ना, मुफ्तीसाहेब."

"छे छे, पेंचोशेठ, तुम्ही घ्या. आता नवा जमाना आहे."

"माझ्या बापाने तुमच्या आधी कधी कप उचलला नाही, मी कसा उचलू? शाबेताय, उचल बाबा."

"मला मारायचंय का तुम्हाला?"

तबकाकडे बघत सगळे बसले. फेस बसला, विरला, कॉफी गार झाली. पुलाचंही तेच. पाशांनी विचारलं, पूल कुठे बांधायचा? तर "आधी मुफ्तीसाहेबांनी बोलावं," "नाही, आधी वयाने मोठे बोलतील," "मोठं कोण ते आधी ठरवा." बैठकीमागून बैठक गेली. पूल कागदावरसुद्धा उभा राहिला नाही.

पाशा बिचारे वाळत चालले. शेवटी त्यांना वाटलं, या सगळ्या शिष्टाचाराची सुरुवात कॉफीपासून होते. कॉफी काढली, की शिष्टाचार जाईल. त्यांनी आगांना बोलावलं आणि अगदी मवाळपणे सांगितलं, "गुरुवारपासून कॉफी बंद. टेबलावर पाण्याच्या सुरया ठेवा, ज्याचं त्याने ओतून घ्यावं. चुलीची खोली कागदपत्रांना लागेल, तेव्हा चूल विझवून टाका. तुमचा पगार चालू राहील, दारावर जावयाबरोबर बसा."

आगा म्हणाले, "जशी आज्ञा." जिना उतरताना त्यांचा हात कठड्यावरून सुटत नव्हता. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "जावईबापू, आजोबांना काय सांगू रे मी?" त्यांचे आजोबा आम्ही सगळे जन्मायच्या आधी गेलेले.

गुरुवारी वर सुरया मांडल्या. खाली आगांनी सगळी भांडी राखेने घासून पोत्यात भरली, एकच बाहेर ठेवलं. पाण्याची बादली चुलीजवळ आणली आणि तिच्याकडे बघत बसले. मी दारावरून डोकावलो.

"ओतू का मी?" मी विचारलं.

"तू? तू तर फुंकूनच विझवशील." तेवढ्यातही टोमणा सोडला नाही. "थांब. उरलेले दाणे वाया कशाला घालवायचे? शेवटची करतो."

त्यांनी दाणे भाजायला घेतले. आणि तो वास, महाराजा, जिन्यावरून वर निघाला.

पहिले आले पेंचोशेठ. मागच्या जिन्याने, चोरासारखे. "आगा, वर लघवीला जातो म्हणून सांगून आलोय. पाणी पिऊन पिऊन तेही आता खरं झालंय. एक कप कर, बिनसाखरेची. कोणाला बोलू नकोस."

आगांनी भांडं चढवलं. पेंचोशेठ कप तोंडाला लावतायत, तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. शेठ एवढा देह घेऊन कोळशाच्या पोत्यामागे बसले. मुफ्तीसाहेब आत आले. दोन्ही बाजूंना बघून म्हणाले, "बेहलूल, सुरईतलं पाणी प्यायला मी काय घोडा आहे? दोन चमचे साखर घाल."

पोत्यामागून सुर्रकन आवाज आला. मुफ्तीसाहेबांनी मान वळवली नाही. "पेंचोशेठ," ते म्हणाले, "लपून प्यायची असेल, तर सुरके तरी मारू नयेत."

शेठ काळ्या कोटासकट उभे राहिले, नाकाला कोळसा. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मुफ्तीसाहेब असे हसले, की त्यांच्या पागोट्याचा पदर सुटला. मी त्यांना हसताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. मग शाबेताय आले, त्यांच्या मागोमाग आर्मेनियन सराफ होवसेप. आता खोलीत जागाच नव्हती. एकाचं कोपर दुसऱ्याच्या पोटात. मानाची जागा कुठली आणि दाराजवळची कुठली, तिथे कळायला मार्गच नव्हता. आगा ज्याची कॉफी वर येईल त्याच्या हातात देत होते, आणि जो आधी आला त्याची आधी येत होती.

"शेठ, तुमचं कोपर काढा, कॉफी सांडेल," मुफ्तीसाहेब म्हणाले.

"काढून ठेवू कुठे? तुमच्या मशिदीची एवढी जागा ओढ्याकाठी रिकामी पडलीय, तिथे ठेवू का?"

"ठेवा की. तिथे नाहीतरी गाढवंच चरतात."

"मग पूलच बांधा ना तिथे," शाबेताय घोट घेत म्हणाले, आणि मग स्वतःच दचकून गप्प झाले.

मग पेंचोशेठ म्हणाले, "लाकूड मी उतरवतो धक्क्यावर. ओढा तिथे अरुंदही आहे."

"जमीन मशिदीची आहे," मुफ्तीसाहेब दाढी कुरवाळत म्हणाले, "पण पाय सगळ्यांचेच ओले होतात."

होवसेपने नुसती मान डोलावली. तो बोलका माणूस नव्हता, पण त्याने मान डोलावली म्हणजे काम झालं, हे गावाला माहीत होतं.

तेवढ्यात मी मागे वळून पाहतो, तर जिन्याच्या शेवटच्या पायरीवर पाशा. वर एकटे बसून कंटाळले आणि आपलं मंडळ शोधत खाली आले. मी तर ताठ उभा राहिलो. कोणी कप लपवतंय, कोणी मागे सरतंय, पण सरणार कुठे? आगा चुलीकडे तोंड करून बसलेले. त्यांनी कोण आलंय हे न बघताच, हातातलं भांडं सांभाळत सांगितलं, "तुमच्या आधी होवसेप आहेत. थांबा जरा."

मग आगांनी मान वळवली. पाशा दिसले. पण हातातल्या भांड्यातला फेस मोडला नाही.

पाशांनी एकदा त्या खोलीकडे पाहिलं. शेठच्या नाकावरचा कोळसा पाहिला, मुफ्तीसाहेबांचा सुटलेला पदर पाहिला. मग ते माझ्या शेजारी दाराच्या चौकटीला टेकून उभे राहिले.

"थांबतो," ते म्हणाले.

होवसेपची झाली, मग पाशांची चढली. त्यांनी उभ्यानेच घेतली, आणि फुंकर न घालता प्यायले. मुफ्तीसाहेबांनी पुलाचं सांगितलं, शेठनी लाकडाचं. पाशा ऐकत राहिले. शेवटी बादलीकडे बोट दाखवून म्हणाले, "हे पाणी कशाला?"

आगा बादली मागे सरकवायला लागले. मीच म्हणालो, "चूल विझवायला, हुजूर. आपला हुकूम होता. आजोबांच्या वेळचा विस्तव आहे."

पाशांनी चष्मा पुसला. "त्या पाण्याने भांडी विसळा," ते म्हणाले, आणि रिकामा कप आगांच्या हातात देऊन वर गेले.

त्यानंतर मंडळाची बैठक वर भरायची आणि निर्णय खाली व्हायचे. पाशांनी राजधानीला लिहिलं, की मंडळाचं काम आता "तळमजल्यावरच्या दालनात" सुरळीत चालतं. तिकडून शाबासकी आली, आणि दालनासाठी पडदेही आले! पडदे लावायला खिडकीच नव्हती, ते सासूबाईंनी घरी नेले. पूल झाला. लाकडाचा, जरासा वाकडा, पण झाला. पुढच्या वर्षी पाशांची बदली झाली, नंतरच्या साहेबाने टेबलाच्या टोकाला स्वतःसाठी उंच खुर्ची करून घेतली, आणि मग रशियाशी लढाईच आली. सुलतानांचं राज्य आमच्या गावातून उठून गेलं. कचेरीत बल्गार अधिकारी बसले. त्यांनी आपला कॉफीवाला आणला.

आगांनी आपली चूल उकरली. मातीच्या मडक्यात राख घातली, राखेत निखारे पुरले, आणि मडकं कोटाखाली धरून घरी आले. आमचं घर ओढ्यापलीकडे; पूल ओलांडताना समोरून पेंचोशेठ येत होते. आता त्यांचेच लोक राज्यावर, पण त्यांनी टोपी काढली आणि मडक्याला वाट दिली. घरच्या चुलीत तो विस्तव सासूबाईंच्या भांड्याखाली गेला. त्या म्हणाल्या, "बरं झालं, आता एकाच घरात दोन संसार नकोत."

शेवटच्या आजारात आगांना बिछान्यावरून उठवत नव्हतं. एका सकाळी त्यांनी हट्ट धरला, मला चुलीपाशी बसवा. नाझिफेने मागून धरलं, त्यांनी भांडं चढवलं. खोलीत शेजारी होते, मुलं होती, म्हातारे शाबेतायही काठी टेकत आले होते. कॉफी वर आली. आगांनी फेस चमच्याने अलगद उचलून पहिल्या कपात घातला, वर कॉफी ओतली आणि कप माझ्यापुढे धरला.

मला वाटलं, चुकून. मी शाबेतायांकडे पाहिलं. "आगा, आधी पाहुणे..."

"धर," ते म्हणाले. "आणि फुंकू नकोस."

मी नाही फुंकलं. तोंड भाजलं, डोळ्यांत पाणी आलं, पण सगळा प्यायलो.