हाताला आलं का?

पुस्तकातून शिकलेलं दुसऱ्याला समजावून सांगता येतं. हातानं शिकलेलं सांगायला बसलं, की त्याचा किस्सा होतो. मी आणि दत्तू पवार कुठल्याही लग्नात शेजारी जेवायला बसलो, की हे किस्से निघतात. पंगत उठते, तरी आम्ही पानावरच. घरच्यांना ते पाठ झालेत. तुम्ही नवीन आहात, म्हणून सांगतो.

दुसरं महायुद्ध चालू होतं, तेव्हाची गोष्ट. सांगलीत आमची तंत्रशाळा होती, संस्थानच्या दरबारच्या मदतीवर चालणारी. मी साताऱ्याचा, मॅट्रिकला बरे मार्क मिळवलेला, बोटांना कायम शाई. दत्तू कुंडलचा, शेतकऱ्याचा मुलगा. आणि कार्यशाळेत आमचे गुरू पेठकर मास्तर. त्यांनी वीस वर्षं रेल्वेच्या कारखान्यात काढलेली. ते "समजलं का?" असं कधी विचारत नसत. विचारत, "हाताला आलं का?"

*

पहिल्या सहामाहीची तोंडी परीक्षा. मी लोखंड कातायच्या लेथ मशीनचे सगळे भाग घोकून गेलो होतो. नाव, जागा, उपयोग, सगळं एका दमात म्हणून दाखवलं. मास्तरांनी डोळे मिटून ऐकलं. मग उठले, लेथच्या शेपटाकडचा भाग पाना लावून सोडवला आणि सगळे तुकडे घमेल्यात ओतले.

"छान सांगितलंस," म्हणाले. "आता हेच तोंड मिटून सांग."

मला दोन तास लागले. सगळं जोडलं, चाक फिरवून पाहिलं, फिरलं. पण घमेल्यात एक वायसर उरला होता. मास्तरांची पाठ होती, म्हणून मी तो गुपचूप खिशात टाकला.

मास्तर पाठमोरेच म्हणाले, "खिशात घातलास ना? राहू दे तिथंच. आपण फार हुशार आहोत असं वाटायला लागलं, की चाचपून बघत जा."

*

दत्तूचे वडील एकदा बाजाराला सांगलीत आले. मुलगा काय शिकतो ते बघावं, म्हणून शाळेत डोकावले. दत्तू नेमका भट्टीपाशी भाता ओढत होता. तोंड काळं, धोतराला भोकं पडलेली.

म्हातारा दारातच थांबला. "भाता वडायला सांगलीला आलास व्हय रं? मग आपला लव्हार काय वाईट हुता? त्यानं जेवायला तरी घातलं असतं."

दत्तूनं मान खाली घातली. आम्ही हसू दाबत होतो. मास्तर मात्र पुढं झाले, पाहुण्यांना बसायला स्टूल दिलं.

त्या दिवशी आम्ही छिन्नीला पाणी द्यायला शिकत होतो. छिन्नी तापवायची आणि अमुक रंग चढला की पाण्यात बुडवायची. रंग चुकला, तर एक तर धार मुडपते, नाही तर टवका उडतो. इंग्रजी पुस्तकात त्या रंगाचं नाव होतं 'स्ट्रॉ'. आम्ही ते वहीत उतरवून घेतलं होतं. म्हणजे नेमका कसा, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. कुणी पिवळा म्हणे, कुणी तांबूस. आठ दिवसांत आम्ही तीस छिन्न्या वाया घालवल्या होत्या.

मास्तर म्हणाले, "पाटील, तुमच्या गावात कुऱ्हाडीला पाणी कधी देतात?"

म्हातारा भट्टीकडं बघत म्हणाला, "वाळल्या कडब्यागत रंग आला की."

मास्तर आमच्याकडं वळले. "लिहून घ्या. स्ट्रॉ म्हणजे कडबा."

त्या दिवसापासून आमची एकही छिन्नी मोडली नाही. म्हातारा जाताना दत्तूला म्हणाला, "वड भाता. पर नीट वड."

*

एकदा पुण्याहून तपासणीला साहेब आले. पांढरे कपडे, हातात वही. कार्यशाळेत शिरताच ते एका कोपऱ्यातल्या यंत्रापाशी थांबले. यंत्र आरशासारखं लखलखत होतं.

"वा. ह्याची निगा उत्तम राखली आहे."

"साहेब, ते दोन वर्षं बंद आहे," मास्तर म्हणाले. "भाग विलायतेहून यायचेत. चालणारी यंत्रं पलीकडं आहेत, तिकडं कपडे सांभाळून चला."

*

मिरजेला तंबोरे करणारे एक म्हातारे कारागीर होते. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. त्यांचं भोकं पाडायचं गिरमिट मोडलं आणि युद्धामुळं नवं मिळेना, म्हणून ते आमच्याकडं आले. मास्तरांनी लेथवर नवं करून द्यायचं काम मला दिलं.

आता अडचण अशी, की महिनाभर त्या लेथवर आमचं कुठलंच काम गुळगुळीत निघत नव्हतं. बारीक लाटा उठायच्या. मास्तर रोज म्हणायचे, "हात स्थिर नाहीत तुमचे." दत्तूनं तर रात्रीचं जेवण कमी केलं होतं, हात हलका होईल म्हणून.

मी लेथ चालू केला. चाचा बाकावर डोळे मिटून बसले होते. थोड्या वेळानं म्हणाले, "बेटा, थांब जरा. तुझ्या मशीनचा सूर हालतोय. दर फेऱ्याला एकदा उतरतोय."

आम्हाला काहीच ऐकू येत नव्हतं. मास्तरांनी कान लावला. मग लेथ बंद केला आणि वरचं झाकण काढलं. आतलं बेअरिंग एका बाजूनं झिजून गेलं होतं.

मास्तरांनी सगळ्या वर्गाला जवळ बोलावलं. "महिनाभर मी तुमच्या हातांना नावं ठेवली. दोष माझ्या कानाचा होता."

पुढच्या आठवड्यात त्यांनी आम्हाला दिवसभर मिरजेला चाचांच्या दुकानात नेऊन बसवलं. चाचा तंबोरे जुळवत होते, आम्ही ऐकत होतो. वर्गाच्या रोजनिशीत मास्तरांनी त्या दिवशी लिहिलं, 'विषय: यंत्रदुरुस्ती'.

*

युद्ध संपलं आणि गावोगावचे शिपाई परत यायला लागले. वडूजकडचे हवालदार माने आमच्या शाळेत नाव घालायला आले. उजवा हात ब्रह्मदेशात कोपराखाली गेलेला. सदऱ्याची बाही पिन लावून दुमडलेली.

कारकुनानं नियम दाखवला. उमेदवार धडधाकट पाहिजे.

हवालदार म्हणाले, "पलटनीत मी गाड्यांची इंजिनं सोडवायचो. एका हातानं जेवढं जमंल तेवढं शिकीन. जास्त मागत न्हाई."

मास्तर शेजारीच उभे होते. कारकुनाला म्हणाले, "धडधाकट करून देतो. चार महिने लागतील. पण नाव आजच घाला."

वर्गात येऊन त्यांनी सांगितलं, की यंदाचं परीक्षेचं काम बदललं आहे. यंदा हात करायचा.

कातड्याचा भाग बाजारातल्या चांभारानं शिवला. लोखंडाची पकड आम्ही केली. दोन जबडे, खांद्यावरचा पट्टा ओढला की उघडणारे. पहिला हात इतका जड झाला, की हवालदारांचा खांदा सुजला. दुसरा उघडायचा, पण मिटायचा नाही. तिसऱ्यानं पाना धरला. हवालदारांनी एक नट आवळला. मग सोडवला. पुन्हा आवळला. दुपारभर तेच करत राहिले. कुणी त्यांना थांबवलं नाही.

चहाच्या वेळी ते सहज बोलले. घरी चार वर्षांची मुलगी. बाप जवळ आला, की ती आईमागं लपायची. बाहीकडं बघून रडायची. हे ते हसत सांगत होते.

शनिवारी ते गावी जाणार होते. मास्तरांनी कॅलिपर लावून पकड तपासली. सगळी मापं बरोबर. म्हणाले, "झालं. आता द्या त्यांना."

पण दत्तूनं ती पुन्हा वाइसच्या शिकंज्यात आवळली आणि घासायला लागला. गुरुवार गेला. शुक्रवारी दुपारीही तो तेच करत होता. मास्तर त्याच्या मागं जाऊन उभे राहिले.

"अरे, माप कधीच आलंय. आता घासून पाना काय जास्त घट्ट बसणार आहे?"

दत्तूनं मान वर केली नाही. "पान्यासाठी न्हाई, मास्तर. आतनं खरबरीतच ठेवलंय. भायरनं त्यांची पोर धरंल."

मास्तरांनी कोट काढून खुंटीला लावला, पॉलिश पेपरचा अर्धा तुकडा फाडून घेतला आणि दत्तूच्या शेजारी जाऊन बसले.