ताईचं धावलेलं इंजिन

दातांच्या कवळ्या बनवणं हा तिचा धंदा. दिवसभर हातात चिमटा, म्हणून घरात तिचं नावच चिमटी पडलं. तिची थोरली बहीण मात्र मालगाडीचं डिझेल इंजिन चालवायची. त्या मार्गावरची ती पहिलीच बाई. आधी लोकांनी नाकं मुरडली, मग तोंडात बोटं घातली. आता ती निवृत्त व्हायला आली होती.

निरोपाला द्यायला चिमटीने त्याच जातीचं वीतभर लांबीचं खेळण्यातलं इंजिन दुकानातून आणलं. घरी आणून टेबलावर ठेवलं, तर ते नुसतंच चकचकीत. कुणाचंही असू शकेल असं. चिमटीला काही ते पटेना.

मग तिने बाह्या सरसावल्या. बाजूच्या, चढताना धरायच्या प्लास्टिकच्या जाड दांड्या तासून काढल्या आणि तिथे दात बांधायची बारीक तार वळवून बसवली. पायऱ्यांच्या कडा घासल्या, बुटांनी झिजाव्यात तशा. ताईच्या इंजिनाचं एक दार मागे बदललं होतं, म्हणून तेवढं दार किंचित फिकं रंगवलं. रंगीत खडू किसून गंज केला, पातळ काळ्या रंगाने काजळी केली आणि वरून सगळीकडे धूळ चढवली. काम संपल्यावर तिने स्वतःचीच पाठ थोपटली.

निरोपाच्या दिवसापर्यंत दम कुठला धरवणार! रविवारी ताई आल्याबरोबर चिमटीने ते पुढे ठेवलं. ताईचा चेहरा पडला.

“हे काय गं? माझं इंजिन असं उकिरड्यावरचं होतं का?”

“अगं ताई, नवंकोरं कुणालाही मिळतं. हे धावलेलं आहे.”

“धावलेलं असू दे. पण काच? बाईला इंजिन झेपत नाही म्हणायला टपून बसली होती माणसं. समोरची काच पुसल्याशिवाय मी कधी गाडी हलवली नाही.”

चिमटी चपापली. धुळीच्या नादात तिने काचाही मळवल्या होत्या. रागवायची सोय नव्हती; ताईचं खरं होतं.

“वायपर कुठपर्यंत फिरायचा, सांग.”

ताईने हवेत हात फिरवून दाखवलं. चिमटीने काच धुतली, हातपंख्याच्या आकाराचा कागदाचा तुकडा तिच्यावर चिकटवला, भोवती पुन्हा धूळ मारली आणि कागद अलगद सोलला. मागे स्वच्छ कमान उरली. तोवर ताईने खुर्ची ओढली होती, चष्माही चढवला होता.

“आणि काजळी पुढे कशाला फासलीस? मी पुढे जायचे, धूर मागे राहायचा!”

“बरं बाई, तू चालवलंयस. तूच सांग.”

जेवण गार झालं. दोघींना त्याची शुद्ध नव्हती.

निरोपाच्या दिवशी रेल्वेच्या शेडमधल्या टेबलावर ते छोटं इंजिन ठेवलं होतं. म्हातारे मिस्त्री कंबरेत वाकले, डोळे बारीक करून बघत राहिले आणि एकदम ओरडले, “अरे, हे तर आपल्या बाईंचं!” गर्दी जमली. चिमटी मागे सरकत होती. ताईने तिचं मनगट धरून पुढे ओढलं.

“हे हिने केलंय. माझी धाकटी बहीण,” ताई म्हणाली. साहेबांचं भाषण सुरू झालं तरी ती येईल त्या नव्या माणसाला तारेची दांडी दाखवतच होती. “लांबून बघा हं. हात लावायचा नाही.”