वाँदेतला पडीक वाफा

डोंबिवलीत इतकी वर्षं फ्रेंचच्या शिकवण्या घेतल्या, पण फ्रान्स काही पाहिलेलं नव्हतं. शेवटी जायचं ठरवलं, तेव्हा कोपरीहून आईचा फोन आला, “मीपन येते. पन मना पॅरिस नको गो. तय मिठागर हाय का?”

मिठागर होतं, पश्चिम किनाऱ्यावरच्या वाँदे जिल्ह्यात. आईचा जन्म मिठागरात राबण्यात गेला. कोपरीतलं ते मिठागर बुजवून त्यावर इमारती उभ्या राहिल्या. डोळे मिटण्याआधी एकदा मिठागरात पाय ठेवायचा, एवढंच तिचं म्हणणं होतं. मी पॅरिस रद्द केलं. कुरकुरले, खोटं कशाला सांगू!

वाँदे म्हणजे सपाट, पाणथळ मुलूख. टॅक्सीच्या खिडकीतून कालवे, थांबलेल्या पवनचक्क्या, लाल कौलांची बुटकी पांढरी घरं सरकत होती. नोआरमुतिए बेटावर जाणारा एक जुना रस्ता भरतीला समुद्राखाली जातो नि ओहोटीला वर येतो. आम्ही तो ओलांडला, तेव्हा ओल्या दगडांवर ऊन पसरलं होतं आणि गाडी रस्त्यावर आहे की पाण्यावर, तेच मला कळेना. आई हात जोडून बसली होती.

जेवायला मोजेत (मऊ शिजवलेला पांढरा घेवडा) आणि लोणी लावलेला पाव. “वालाची सर नाय,” आई म्हणाली आणि ताटली पुसून खाल्ली.

दुपारी मिठागर गाठलं. चिखलाच्या बांधांमध्ये उथळ, चौकोनी वाफे आणि पाण्यावर मिठाची पातळ साय. “आपल्याकडं श्रावण, नि हय मीठ!” आई खुळ्यासारखी हसली. एक सोनिएर (मीठ पिकवणारी बाई) बांधावरून लांब दांड्याच्या फळीने ती साय ओढत होती. मी तिच्याशी बोलायला गेले, तेवढ्यात चपला काढून, साडी वर खोचून आई थेट वाफ्यात!

आमच्याकडे हंगामाआधी वाफा पायांनी तुडवूनच घट्ट करतात आणि मग त्यात खाडीचं पाणी सोडतात. इथे मात्र त्यात कुणी पाऊल टाकत नाही. साय फुटली, चिखल ढवळला, पाणी काळं झालं. बाई ओरडली. त्यातला एकही शब्द मी कधी शिकवला नव्हता, पण अर्थ कळला.

“चुकला गो,” आई म्हणाली. तिचे डोळे भरले होते. मला लाजही वाटली आणि तिची भयंकर कीवही आली. मी अडखळत बाईला सगळं सांगितलं: कोपरी, बुजलेलं मिठागर, आईचं मागणं. बाई फळीच्या दांड्यावर हात टेकून ऐकत राहिली. मग म्हणाली, “त्यांना माझ्यामागे घेऊन या.”

पलीकडे एक पडीक वाफा होता. त्यातलं गवत काढून झालं होतं. पुढच्या हंगामात तो नव्याने धरायचा तिचा बेत होता. “इथे काही बिघडणार नाही,” ती म्हणाली. “तुडवू द्या त्यांना.”

आई उतरली. टाच, मग चवडा, एकेक पाऊल पुढे. ऊन कलेपर्यंत ती तुडवत राहिली. थोड्या वेळाने बाईही बूट काढून तिच्या शेजारी उतरली. दोघींना माझी गरज नव्हती. मी बांधावर बसून त्यांच्या सावल्या लांबताना पाहत होते, आणि खूप दिवसांनी मला कसलीच घाई नव्हती.

परतीच्या विमानात वाटलं, आईची इच्छा पुरी झाली, आता तिच्या जिवाला स्वस्थता येईल.

कोपरीत शेजारीण चौकशीला आली. “काय बघितलास गो फ्रान्सला?”

“वाफा तुडवून आयले,” आई म्हणाली. “आता पानी सोडाला परत जावा लागल.”