बांडी ओट्यावर चढेना

सांगोल्याच्या बजाबाईंनी गुडघा बदलून घेतला तो शेळ्यांसाठी, देवदर्शनासाठी नव्हे. सोलापूरच्या डॉक्टरांनी त्यांना उभं करून अख्ख्या पायाचा एक्स-रे काढला. हाडावर हाड घासत होतं, पाय कमानीसारखा वाकला होता. हाड किती कापायचं, सांधा कुठल्या मापाचा बसवायचा, ते त्यांनी त्या फोटोवर रेघा मारून ठरवलं. आजी चालतील, म्हणाले, पण उकिडवं बसणं आता कायमचं बंद. न बसता शेळीची धार कशी काढायची, हे बजाबाईंनी विचारलं नाही. विचारलं असतं तर लेकानं, जोतीरामनं, शेळ्या तेव्हाच विकल्या असत्या.

ऑपरेशन सरळ झालं. झिजलेली टोकं कापून धातूची बसवली, मधे प्लास्टिकची गादी. दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून उभं केलं. व्यायाम घेणाऱ्या पायलनं गुडघा वाकवला तेव्हा बजाबाईंनी तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. पायलला त्याची सवय होती. पुढं वॉकर गेला, काठी आली, आणि मग पायलनं काठीही सोडायला सांगितली. ती मात्र सुटेना. आपण पडू, ही भीती बाईंच्या मनातून जात नव्हती.

घरी बांडी शेळी सुनेला धार देईना, लाथ मारून भांडं उलथवी. जोतीरामनं जाहीर केलं की रविवारी शेळ्या बाजारात न्यायच्या.

मग बजाबाईंनी तोड काढली. शेळीनं ओट्यावर चढावं, आपण खाली उभं राहून पिळू. पण बांडी चढेना. ओट्यावर नेहमी ज्वारी वाळत असायची, आणि बांडीनं तिकडं तोंड केलं की बजाबाईच तिला काठीनं हाणायच्या. आज स्वतः ज्वारी पसरली तरी तिची नजर काठीवरच.

"आये, ती काठीला भेती," जोतीराम म्हणाला.

"मला कळंना व्हय?"

बजाबाईंनी काठी आणखी घट्ट धरली. ऑपरेशनच्या टेबलावरही त्यांना एवढी भीती वाटली नव्हती. शेवटी त्यांनी काठी लेकाच्या हातात दिली.

"ही घिऊन लांब जा. तिला दिसू नगं."

जोतीराम गोठ्यामागं गेला. बांडीनं उडी मारली आणि ज्वारीला तोंड लावलं. बजाबाई वाकल्या. भांड्यात धार वाजायला लागल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की आपले दोन्ही हात कासेला आहेत.