विनंती थांब्यावरचं हळदीकुंकू

आधी इंदिरानगरच्या थांब्यावरच्या काकूंचं नाव घ्यायला हवं. पण त्यांना नाव विचारायची माझी कधी छाती झाली नाही, म्हणून नुसत्या काकू. मी आज नाशकात आहे तो त्यांच्यामुळे. नाहीतर केव्हाच सटाण्याच्या पुढं, आमच्या गावच्या पारावर जाऊन बसलो असतो.

शाळा आठवीत सुटली. मामाच्या ओळखीनं अंबडच्या एका कारखान्यात खोकी चिकटवायचं काम मिळालं आणि इंदिरानगरात एका बंगल्यामागची खोली. निघताना आईनं बजावलं होतं, "शहरात पाटीवर लिहिलेलं पाळत जा, म्हणजे कोणी रागवत नाही." मी मुळातच भित्रा. ते वाक्य मी कमरेच्या करगोट्यासारखं बांधून आणलं.

पहिल्या सकाळी थांब्यावर पोचलो तर खांबाला पाटी: 'विनंती थांबा'. अक्षर अक्षर लावून वाचली आणि मन भरून आलं. किती सभ्य शहर. हुकूम सोडत नाहीत, विनंती करतात. मी थांबलो. एक बस गेली, तरी थांबलो. दुसरी गेली. आता कोणीतरी येऊन 'निघा' म्हणेल, या आशेवर उभा राहिलो.

तेवढ्यात काकू आल्या. हातात छत्री, आकाशात ढगाचा पत्ता नाही. त्या रोज सिडकोत लेकीकडे नातवाला सांभाळायला जायच्या. थांब्यावर बसायला काही नव्हतं, म्हणून कोणीतरी टाकून दिलेलं द्राक्षांचं क्रेट पालथं घालून त्या बसल्या.

मी विचारलं, "काकू, अंबडची गाडी उनी का?"

आमच्याकडं उनी म्हणजे आली. काकूंना 'उणी' ऐकू आलं.

"उणी कशाला असेल, चांगली चार चाकांची असते. आत्ता तुझ्या नाकासमोरून गेली. हात का नाही दाखवलास?"

"पाटीवर थांबा लिहिलंय. म्हणून थांबलोय."

काकूंनी छत्रीच्या टोकानं पाटी दाखवली. मग हळूच म्हणाल्या, "बाळा, थांबा म्हणजे स्टॉप. तू नाही थांबायचं, बसनं थांबायचं. पण विनंती केली तरच."

दुसऱ्या दिवशी मी रीतसर विनंती केली. बस दिसताच रस्त्याच्या कडेला दोन्ही हात जोडून, मान झुकवून उभा राहिलो. ड्रायव्हरनं स्टिअरिंगवरचा एक हात उचलून मलाही नमस्कार केला आणि निघून गेला. काकू गल्लीतून येता येता हे बघत होत्या.

"त्याला वाटलं तू निवडणुकीला उभा आहेस," त्या म्हणाल्या.

कारखान्यात सुपरवायझरनी घड्याळाकडं बोट केलं. "दोनदा झालं. तिसऱ्यांदा उशीर झाला की थेट सटाण्याची गाडी धरायची."

ती तरी थांबते, असं माझ्या मनात आलं. घरी आईला मी कळवून टाकलं होतं की नोकरी पक्की आहे.

हात दाखवायला शिकलो तरी घोर संपला नाही. एक काडीसारखा पोरगा आणि एक छत्रीवाली बाई, एवढ्यासाठी ब्रेक दाबायला ड्रायव्हरच्या जिवावर यायचं. बस निघून गेली की मी पळत अंबड गाठायचो. मग काकू चिडून शहर बसच्या ऑफिसात गेल्या आणि म्हणाल्या, विनंती पुसा, नुसता थांबा ठेवा. तिथले साहेब म्हणाले, "तिथं माणसंच नसतात."

"बस थांबत नाही म्हणून माणसं रिक्षानं जातात."

"मग मला माणसं दाखवा. परवा सकाळी मी स्वतः येतो."

संक्रांत नुकतीच झाली होती. सकाळच्या बसला उभं राहायला गल्लीतल्या बायका आल्या नसत्या, पण हळदीकुंकवाचं बोलावणं कोण मोडणार? काकूंनी घरोघर सांगितलं: परवा सकाळी, बस थांब्यावर.

साहेब आले तेव्हा खांबाखाली ठेवणीतल्या साड्यांची रांग लागली होती. पालथ्या क्रेटवर तिळगुळाचं ताट, वाण म्हणून प्रत्येकीच्या हातात प्लॅस्टिकची चहाची गाळणी. बस दुरूनच थांबली. ड्रायव्हरला वाटलं, पुढं वऱ्हाड आहे.

काकू खालच्या आवाजात म्हणाल्या, "सगळ्या चढा. नुसत्या उभ्या राहिलात तर साहेब म्हणतील शोभेच्या आहेत."

सगळ्या चढल्या. कंडक्टरला कुंकवाचा टिळा लागला, ड्रायव्हरला तिळगूळ मिळाला. मग कोणीतरी म्हणालं, उखाण्याशिवाय हळदीकुंकू कसलं? एका वहिनींनी सुरू केलं:

"विनंती करून करून दुखून आला हात,
ह्यांचं नाव घेते शहर बसच्या आत."

पुढचा उखाणा नीट ऐकू यावा म्हणून ड्रायव्हरनं बस बैलगाडीच्या चालीनं काढली. साहेब मागच्या सीटवर टाळ्या वाजवत होते. मी दांडा धरून मनातल्या मनात बोचकं बांधत होतो.

अंबडला पोचलो तेव्हा भोंगा कधीच होऊन गेला होता. फाटकात सुपरवायझर उभे. मी उतरलो आणि माझ्यामागून सगळी गल्ली उतरली, कारण परतीची बस तिथूनच होती. त्यांनी तोंड उघडलं. त्या उघड्या तोंडात काकूंनी तिळाचा लाडू घातला.

"तिळगूळ घ्या, गोड बोला."

लाडू पाकातला होता, कडक. सुपरवायझर चावत राहिले. समोर सगळ्या बायका गाळण्या घेऊन ते काय बोलतात याची वाट बघत उभ्या. शेवटी त्यांनी घास गिळला.

"या," ते मला म्हणाले. "आत या."

मला 'या' म्हणणारे ते नाशकातले पहिलेच.

नंतर थांब्यावर रंगारी आला. त्यानं 'विनंती' वर निळा हात फिरवला. रंग पातळ होता, त्यामुळे ती अजून पुसट दिसते. पण बस थांबते. मागच्या गल्ल्यांतली माणसंही मग तिथं यायला लागली.

एक गोष्ट मात्र साहेबांच्या ध्यानात आली नाही. बसायला तिथं अजून काही नाही. काकूंचे गुडघे आता बोलतात, क्रेटच्या पट्ट्या तुटल्यात. म्हणून इथं लिहून ठेवतो: काकू, त्या खांबाशेजारी पाठ टेकता येईल असा बाक मी एक दिवस बसवणार. त्यावर पाटीही लावीन, 'काकूंसाठी, बसा'. माझ्यासारखा कोणी ती वाचून बसून राहिला, तर त्याला उठवून बसमध्ये घालायचं काम तेवढं तुमच्याकडं.